दादाची रविवारची घासपूस

लंडनला दादाकडे राहिले तेव्हा बघितलं, देवाची भांडी घासावीत तशा भक्तिभावाने तो रविवारी ई-सिगारेट उघडून बसतो! आपल्याकडे २०१९ पासून तिच्या विक्रीवरच बंदी, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तिथे १ जून २०२५ पासून ‘वापरा आणि फेका’वाल्या व्हेपची विक्री बंद झाली. फेकायची सोय गेली, मग घासणं आलंच. टाकी सुटी करायची, उरलेलं लिक्विड टिपायचं, काच नि रबरी रिंगा कोमट पाण्यात धुऊन खडखडीत वाळवायच्या. बॅटरीला पाणी अजिबात नाही, तिचे कॉन्टॅक्ट्स कोरड्या इअरबडने पुसायचे. कॉइलमध्ये मात्र कापूस असतो. तो धुण्यात फारसा अर्थ नाही. चव जळकट लागली की सरळ नवी कॉइल. तीही लिक्विडमध्ये नीट भिजेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिल्याच झुरक्याला कापूस जळतो. फ्लेवर जितका गोड, तितकी कॉइल लवकर काळी. (चहाच्या भांड्यासारखंच!) शेवटी हात धुवायचे, कारण निकोटिन त्वचेतूनही आत जातं.

दादाची सिगारेट सुटली ती या यंत्रावर. आईला फोनवर तो तेवढंच सांगतो. मी टिश्यूवरची ती काळी कॉइल बघत होते.

‘‘बघ, किती स्वच्छ ठेवतो!’’

‘‘ठेवतोस रे. पण आत काय भरतोस?’’

बाटलीवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन लिहिलेलं. तिथल्या कायद्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा.

आता दर महिन्याला मी त्याच्याकडे बाटलीवरच्या लेबलचा फोटो मागते. परवाच्या फोटोत १० होते.