एल्सिनोरचे विष

शेक्सपिअरच्या नाटकात, डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या राजवाड्यात, राजपुत्र हॅम्लेटच्या आयुष्यात विष तीनदा येते. पहिल्यांदा ते नुसते कानावर पडते. बापाचे भूत सांगते, की दुपारी बागेत झोपलो असताना सख्ख्या भावाने, क्लॉडियसने, कानात विष ओतले आणि प्राण, मुकुट, राणी सगळेच नेले. दुसऱ्यांदा हॅम्लेट तोच प्रसंग नटांकरवी राजासमोर करून दाखवतो. क्लॉडियस ताडकन उठतो आणि खुनाची खात्री पटते. तिसऱ्यांदा ते हॅम्लेटच्या स्वतःच्या रक्तात उतरते. सूड घ्यायचा हॅम्लेटने, पण त्याची सगळी सिद्धता खुन्यानेच करून ठेवलेली: शेवटच्या अंकाची भीषणता यात आहे.

मूळ कथेत असे नाही. डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो ग्रामॅटिकस याने 1200 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या आम्लेथच्या कथेत कानात ओतलेले विष नाही, आणि सूडाचा बेत सर्वस्वी नायकाचा आहे. वेडाचे सोंग घेतलेला आम्लेथ दरबाऱ्यांना भरपूर दारू पाजतो, त्यांच्यावर भिंतीवरचे पडदे टाकून ते खुंट्यांनी जखडतो, वाड्याला आग लावतो, काकाला ठार करतो आणि पुढे राजा होतो. शेक्सपिअरच्या हॅम्लेटकडे असा बेत शेवटपर्यंत नाही. तिसऱ्या अंकात प्रार्थनेला बसलेला क्लॉडियस एकटा हाती सापडतो, तरी हॅम्लेट तलवार म्यान करतो.

पाचवा अंक सुरू होतो तो स्मशानात. कबर खणणाऱ्याच्या बोलण्यातून हॅम्लेटचे वय तीस असल्याचे कळते. ज्या दिवशी तो जन्मला, त्याच दिवशी त्याच्या बापाने नॉर्वेच्या राजाला मारले होते. म्हणजे बाप गमावलेले मुलगे या नाटकात तीन आहेत. हॅम्लेटचा बाप काकाने मारला, लेआर्टिसचा बाप पोलोनियस हॅम्लेटने मारला, आणि नॉर्वेच्या फोर्टिनब्रासचा बाप हॅम्लेटच्या बापाने. लेआर्टिसची बहीण ओफेलिया हिच्या कबरीत हॅम्लेट आणि लेआर्टिस एकमेकांच्या अंगावर जातात, तेव्हा सूडाची दोन न्याय्य कारणे समोरासमोर उभी असतात.

क्लॉडियसने लेआर्टिसला आधीच हाताशी धरलेले असते. तलवारबाजीचा मैत्रीचा सामना ठरवायचा आणि बोथट तलवारींत एक धारदार ठेवायची, ही कल्पना राजाची. त्या तलवारीच्या टोकाला विष लावायचे, ही भर लेआर्टिसची. तेही फसले तर विषारी पेला, हा पुन्हा राजाचा तोडगा. पैज राजेशाही थाटाची: एका बाजूला बार्बरीचे सहा घोडे, दुसऱ्या बाजूला सहा फ्रेंच तलवारी आणि खंजीर. हॅम्लेटच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. सामना टाळता येईल, असे त्याचा मित्र होरेशिओ सुचवतो. हॅम्लेट ऐकत नाही. जे व्हायचे ते होईल, त्याला आपण तयार असावे, एवढाच त्याचा निश्चय. यात हताशपणा पाहणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे, कारण चार अंक स्वतःशी भांडलेला हा माणूस इथे प्रथमच शांत दिसतो.

पहिले दोन वार हॅम्लेटचे. राजा पेल्यात मोती टाकून तो पुढे करतो. हॅम्लेट नंतर पिईन म्हणतो आणि राणी गर्ट्रूड पेला उचलते. क्लॉडियस तिला पिऊ नकोस म्हणतो, पण एवढेच. तिचा हात धरायचा तर भरदरबारात गुन्हा कबूल करावा लागणार. ज्या राणीसाठी भावाला मारले तिला वाचवण्यापेक्षा स्वतःचे गुपित त्याला मोलाचे वाटते, आणि ती पिते. पुढच्या झटापटीत लेआर्टिस हॅम्लेटला जखमी करतो, तलवारींची अदलाबदल होते आणि त्याच पात्याने लेआर्टिसही जायबंदी होतो. राणी कोसळते, रक्त पाहून तिला भोवळ आली, असे राजा सांगतो. मुलाला सावध करून ती प्राण सोडते. लेआर्टिस मग सगळे ओकतो.

तेव्हा कुठे हॅम्लेट क्लॉडियसवर वार करतो आणि पेल्यातले विष त्याच्या तोंडात रिचवतो. त्या क्षणी तो बापाचे नाव घेत नाही. आईच्या मागे जा, असे राजाला बजावतो. भूत या अंकात येतच नाही, आणि बागेतल्या खुनाचा उच्चारही दरबारात होत नाही. दरबारी उलट राजद्रोह झाला म्हणून ओरडतात. हॅम्लेटने सूड घेतला खरा, पण तो भुताने मागितला तोच होता का, हा प्रश्न नाटक उघडा ठेवते. लेआर्टिस मात्र मरता मरता हॅम्लेटला क्षमा करतो आणि त्याचीही मागतो. चौघांच्या मरणातला हा एकच क्षण कुणी कुणाला काही दिल्याचा आहे. होरेशिओही उरलेले विष प्यायला निघतो. हॅम्लेट त्याच्या हातातून पेला हिसकावतो, कारण झाले ते सांगायला कुणीतरी हवे.

हे चारही मृत्यू प्रेक्षकांसमोर घडतात. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये, असा संस्कृत नाट्यशास्त्राचा संकेत. भासाचे ‘ऊरुभंग’ हा ठळक अपवाद. या परंपरेत वाढलेल्या मराठी प्रेक्षकासमोर हा शेवट आला तो आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या मराठी रूपांतरातून, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींच्या अभिनयाने त्याला मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळाले.

नाटकाच्या शेवटी फोर्टिनब्रास येतो. बापाचा सूड त्याने काकाच्या आज्ञेवरून केव्हाच सोडून दिलेला असतो, आणि डेन्मार्कचे सिंहासन त्याच्याकडेच जाते. मरताना हॅम्लेटही त्यालाच कौल देतो. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1948 च्या चित्रपटात फोर्टिनब्रास गाळलेला आहे. चित्रपट आटोपशीर होतो, पण सूडाचा रस्ता सोडलेला तिसरा मुलगा त्यात उरत नाही, आणि बाकीच्या दोघांचे मरण पाहायला त्यांच्यासारखे कुणीच तिथे नसते.