कवितेच्या माथ्यावरील नाव

ह्या वार्षिकाच्या मराठी विभागाचे काम गेली बरीच वर्षे आमच्याकडे आहे. लेख तपासावेत, ऱ्हस्वदीर्घ सुधारावे, आणि कवितेचा मथळा दुबळा वाटल्यास तो बदलावा, ही कामे आम्ही तांबड्या शाईच्या बळावर करीत आलो. त्यांपैकी शेवटचे काम सर्वांत सोपे, अशी आमची समजूत होती. ती समजूत एका विद्यार्थ्याने कशी दूर केली, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहो.

सन २०१५ साली आपल्या परभणी जिल्ह्यावर अवर्षणाचे संकट होते. त्या वर्षी दुधना नदीकाठच्या एका खेड्यातून येणाऱ्या नववीतील मुलाने आम्हांस आठ ओळींची एक कविता आणून दिली. तीत त्याची आई पहाटे उठते, गोठा झाडते, दाव्याची गाठ चाचपून पाहते, पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून बाजूस ठेवते. मग काही आठवल्यासारखे होऊन तो चतकोर पुन्हा टोपल्यात टाकते. कविता एवढीच. माथ्यावर मुलाने लिहिले होते, 'हरण्या'.

हा हरण्या कोण? कवितेत तर त्याचा कोठे मागमूस नव्हता. मुलास बोलावून विचारावे, इतकेही आम्हांस सुचले नाही. आम्ही ते नाव खोडले व त्या जागी 'दुष्काळाची छाया' असा भारदस्त मथळा घातला. अंक छापून निघाला. एकदोन पालकांनी मथळ्याची वाखाणणीही केली, आणि आम्ही मनातून सुखावलो.

पंधरा दिवसांनी तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, आईला कविता वाचून दाखवली," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाली आई?"

तो खाली पाहू लागला. "म्हणाली, चांगलं लिहिलंस. पण याच्यात आपला हरण्या कुठंय रे?"

हरण्या हा त्यांचा बैल. गव्हाण रिकामी पडली, कडबा विकत घेण्याची ऐपत राहिली नाही, तेव्हा त्यास बाजारात नेऊन विकावे लागले होते. त्या दिवसापासून घरात त्याचे नाव कोणी काढीत नसे. म्हणून मुलाने ते आठ ओळींतही येऊ दिले नव्हते. ते त्याने एकाच ठिकाणी ठेवले होते, माथ्यावर. नेमके तेच आम्ही पुसून टाकले. ज्या माउलीस अक्षरओळख नव्हती, तिला आमची चूक कानांनी कळली. आम्हांस मात्र पदवीधर असूनही डोळ्यांनी दिसली नव्हती.

त्या रात्री आम्ही बालकवींचे 'औदुंबर' पुन्हा उघडले. तीही आठच ओळींची कविता. ती आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविली होती. तीत टेकडी येते, झरा येतो, लहानसे गाव येते, शेते व पायवाट येते. औदुंबर येतो तो अगदी शेवटी. परंतु मथळ्यात त्याचे नाव आधीच वाचल्यामुळे आपण प्रत्येक ओळीत त्याची वाट पाहत जातो. हेच चित्र 'सायंकाळची उदासी' अशा नावाखाली छापले असते, तर कवीने न सांगितलेला भाव मथळ्याने सांगून टाकला असता, आणि वाचकास शोधावयास काही उरले नसते.

भाव मथळ्यात येऊच नये, असा मात्र नियम नाही. रेव्हरंड टिळकांनी घायाळ पक्षिणीवरील कवितेस 'केवढे हे क्रौर्य!' असे नाव दिले. तेथे तो उद्गार कवीच्या स्वतःच्या अंतःकरणातून निघालेला आहे. दुसऱ्या कोणी बाहेरून आणून चिकटविलेला नाही. आमचा मथळा चिकटविलेला होता. दुष्काळ साऱ्या जिल्ह्याचा होता. हरण्या त्या एका घराचा होता.

आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग पाहा. त्यांना मुळी मथळाच नाही. तेथे नाव येते ते अखेरीस, आणि तेही अभंगाचे नव्हे, तर तो रचणाऱ्या जनीचे. छापखाने आले आणि कवितेच्या माथ्यावर नाव घालण्याची रीत रुळली. त्याबरोबर आमच्यासारख्या संपादकांच्या हाती ते नाव बदलण्याची सत्ताही आली.

तेव्हा मित्रहो, आपल्या लहानशा कवितेस नाव देताना दोन गोष्टी करून पाहा. मथळ्यावर बोट ठेवून कविता वाचा. काहीच उणे वाटले नाही, तर तो मथळा निरुपयोगी समजावा. नंतर कवितेवर हात ठेवून नुसता मथळा वाचा. कवितेत काय आहे ते सारे त्यातच कळून चुकले, तर तो अपायकारक समजावा. मोठे शब्द शोधीत बसू नका. घरात जे नाव हाकेला वापरतात, ते पुष्कळदा पुरते.

आणि कोणी शिक्षक तुमचा मथळा बदलू लागला, तर नम्रपणे पण स्पष्टपणे त्यास कारण विचारा. आम्हीही आता मुलास विचारल्यावाचून एकही मथळा बदलीत नाही.

त्या मुलाजवळची प्रत आम्ही मागून घेतली. ज्या तांबड्या शाईने त्याचे नाव खोडले होते, तिनेच आमचे नाव खोडले, आणि वर 'हरण्या' असे लिहून खाली स्वाक्षरी केली. वाचनालयातील प्रतीवरही तसेच केले आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास विचारले, "आईला दाखवलेस का?"

"दाखवलं, सर. तिनं विचारलं, यातली हरण्याची अक्षरं कोणती. मी बोट ठेवून दाखवली."