काळ्या दगडाखालचा समुद्र

यवतमाळहून मुंबईकडे निघा नाहीतर मछलीपट्टणकडे, समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावीच लागते. म्हणून आमच्याकडे ज्याने समुद्र पाहिला त्याच्याकडे सांगायला काहीतरी असते. लग्नानंतर ह्यांनी मुंबईला नेले होते आणि चौपाटीवर पायाला लाट लागली होती, एवढी एक आठवण जुन्या बाया आयुष्यभर पुरवून पुरवून सांगत.

भाची मात्र समुद्राने अघळपघळ होऊन आली होती. ग्रीस गाडीने फिरली होती. अथेन्सहून किनाऱ्याकिनाऱ्याने सुनियनच्या टोकापर्यंत. तिथे कड्यावर पोसायडनचे, म्हणजे त्यांच्या समुद्रदेवाचे, भग्न देऊळ आहे. इसवी सनाआधीच्या पाचव्या शतकातले, पांढऱ्या संगमरवराचे. एका खांबावर कवी बायरनचे नाव कोरलेले दाखवतात. (आपल्याकडे देवळांवर बाण मारलेले बदाम कोरणाऱ्यांना हे कळता कामा नये.) डिसेंबरात घरच्या लग्नाला आली तेव्हा तिचे हेच पालुपद चालले होते, "मामा, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला देवळं. असा रस्ता आपल्याकडे नाही."

म्हटले, आहे. फक्त समुद्र जरा खाली आहे. बस गाडीत.

सुरुवात गावातल्या गावातच झाली. लोहारा आता यवतमाळचाच भाग झाला आहे, पण ऐन-इ-अकबरीत परगण्याचे नाव येते ते 'योत-लोहारा' असे जोडीने. तिथले कमलेश्वराचे देऊळ हेमाडपंती. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या नावावर खपणारी बरीच देवळे त्याच्याआधीची आहेत, पण विदर्भात काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले जुने देऊळ दिसले की हेमाडपंत, हा हिशेब पक्का. भाचीला मी सांध्यावर नख फिरवायला लावले. नख अडकत नाही. वरच्या दगडाचे वजन खालच्याला धरून ठेवते, खाचेत खुंटी बसते, बाकी काही नाही. ती म्हणाली, पार्थेनॉनही असेच, चुना नाही. दगडांना लोखंडी पकडी आणि पकडींना गंजू नये म्हणून शिशाचे वेष्टण. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या पाथरवटांना एकच अक्कल सुचली होती.

फरक दगडात आहे. संगमरवर म्हणजे दबून आणि भाजून निघालेला चुनखडक, आणि चुनखडक म्हणजे कधीकाळचा समुद्रतळ. सुनियनच्या देवळाचा समुद्र समोर तर आहेच, खांबांतही आहे. आमचे देऊळ आगीचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि जवळजवळ सगळा महाराष्ट्र त्याखाली गेला. तो थिजून झालेला बेसाल्ट फोडला की देऊळ होते, ऊनपावसात आपसूक कुजला की काळी माती होते. गाभारा आणि पऱ्हाटी एकाच दगडाची लेकरे आहेत, हे आमच्या लक्षात येत नाही, कारण एकाला आपण पाया पडतो आणि दुसरीला फवारा मारतो.

कळंब इथून वीस-बावीस किलोमीटर, नागपूरच्या रस्त्यावर. चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पोटात आहे; पायऱ्या उतरून जावे लागते आणि समोर कुंड. इंद्राने इथे गणपतीची आराधना केली अशी कथा. पण कळंबचे खरे नवल पाण्याचे. बऱ्याच वर्षांनी एकदा कुंडाचे पाणी आपोआप चढते आणि गणपतीच्या पायाला लागते. गंगा आली म्हणतात, आणि मग गावोगावची माणसे लोटतात. बेसाल्टमध्ये पाणी राहते ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत. कुठली भेग कधी तुडुंब होईल याचा ठोकताळा नसतो. ज्याने विहीर खणून कोरडी पाहिली आहे आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे तीन पुरुष पाणी पाहिले आहे, त्याला गंगा कशी येते हे विचारायला लागत नाही.

राळेगाव, वडकी, करंजी. दोन्हीकडे कापूस फुटलेला, ओट्यांत कापूस भरून बाया तासातासाने पुढे सरकत होत्या, जिनिंगसमोर गाड्यांची रांग. हा रस्ता पाहायचा असा काही नाही, आणि भाचीने तो झोपेत काढला. केळापूरला जगदंबेला हात जोडून चहा घेतला. 1818 च्या एप्रिलमध्ये याच पांढरकवड्याच्या परिसरात कर्नल ॲडम्सने पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठून उधळले. पेशवाईचा शेवटचा दम जिथे लागला तिथे बघायला एक वीटही नाही. ग्रीकांनी मॅरेथॉनला निदान मातीचा ढीग तरी राखला.

पांढरकवड्याहून झरी-जामणीच्या बाजूला वळले की साग दाट होतो आणि कोलामांचे पोड लागू लागतात. शिबला-पार्डीजवळ काही वर्षांपूर्वी रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून खांब निघाले. एकाला एक चिकटलेले, कडा सरळ, कित्येक सहा बाजूंचे. बघणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा देऊळच यावे, पुरलेले. भूगर्भाचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितले की हा स्तंभी बेसाल्ट आहे. लाव्हाच्या जाड थराने थंड होताना स्वतःच पाडलेले खांब. आकसताना थराला तडे जातात, कमीत कमी तड्यांत ताण मोकळा करायचा तर सहा बाजूंचा आकार सोयीचा पडतो, आणि वरून गारवा जसजसा आत शिरतो तसतसा तडा खाली चालत जातो. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची.

भाची खांबांच्या कडेवर बराच वेळ हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, "सुनियनच्या खांबांवर वरून खाली पन्हाळी कोरल्यात. यांना त्याचीही गरज नाही." मला जास्त गंमत वाटते ती रस्त्याची. एरवी रस्ते देवळे गिळतात. या रस्त्याने निदान खांब बाहेर काढले. आपल्या जिल्ह्याच्या पर्यटनाचे नकाशे टिपेश्वरच्या वाघापाशी येऊन थांबतात. वाघ दिसेलच याची हमी नाही, खांब कुठे जात नाहीत, पण खांबांसाठी कोणी जिप्सी ठेवत नाही.

इथून पुढे जमीन उतरत जाते. यवतमाळ साधारण साडेचारशे मीटरवर आहे. पैनगंगा-वर्धेच्या बाजूला येता येता निम्मी उंची सुटते आणि लाव्हाची चादरही विरते. तिच्याखालचे उघडे पडते. कापसाची काळी माती जाऊन करडा, थरांचा दगड दिसायला लागला तेव्हा मुकुटबन आले होते. सिमेंटचा कारखाना, दगडाचे ट्रक, झाडांच्या पानांवर पीठ. टपरीवर आलूबोंडा घेतला. गाडीवानाने टाकलेला दगडाचा एक कपरा उचलून मी दुसऱ्या दगडाने खरवडला आणि प्लेटमधल्या लिंबाची फोड त्या पुडीवर पिळली. बारीक बुडबुडे उठले, कडेला पांढरा फेस धरला, आणि कान लावला तर अगदी बारीक चुरचुर.

"हा घे," म्हटले, "समुद्र."

शंभर कोटी वर्षांहूनही आधी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला हा चुनखडक. वणी, मुकुटबनपासून चंद्रपूर, आदिलाबादपर्यंत पसरलेला. भूशास्त्रात त्याला नावच पैनगंगेचे आहे. यात शंख-शिंपला शोधू नये, मिळणार नाही. शिंपले करणारा जीवच तेव्हा जन्मला नव्हता. होते ते सूक्ष्म जीवाणूंचे बुळबुळीत पापुद्रे, गाळ धरत थरावर थर चढवणारे. त्यांचे जीवाश्म वणी तालुक्यात सापडले आहेत. कांदा आडवा कापावा तशी दगडात वर्तुळे. आपण श्वासात घेतो त्या हवेतला प्राणवायू आधी असल्या जीवांनी तयार केला. त्या समुद्रात मासा नव्हता, वर आकाशात पक्षी नव्हता, किनाऱ्यावर गवताची काडी नव्हती. लाटा तेवढ्या होत्या, आणि त्या ऐकायला कोणी नव्हते.

वणीजवळ राजूरला याच दगडाच्या चुनाभट्ट्या आहेत. म्हणजे जुन्या पाथरवटांनी देवळे चुन्याशिवाय रचली ती चुना मिळत नव्हता म्हणून नव्हे. इथे तो पायाखालीच होता.

वणी आम्ही काच वर करून ओलांडली. लोकनायक बापूजी अण्यांचे गाव, रंगनाथस्वामींच्या जत्रेचे गाव, पण खाणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक लागले की मनात आदरापेक्षा खोकला आधी येतो. कोळसाही मधल्या थरातलाच; समुद्र गेल्यावर आणि लाव्हा यायच्या आधी इथे जंगल गाडले गेले त्याचा. जुगादला पैनगंगा वर्धेला मिळते. काठावर महादेवाचे जुने देऊळ, पलीकडे वढा, तिथे कार्तिकात यात्रा भरते. भाचीने पाण्यात पाय घातले. हे पाणी पुढे प्राणहितेत, गोदावरीत आणि मग खऱ्या समुद्रात जाते. म्हटले तर आम्ही किनाऱ्यावरच होतो, उगमाच्या बाजूने.

परत येताना रस्त्याला लागून एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथेही हेमाडपंती देऊळ. बाहेरून आकाशी ऑइलपेंट, आत टाइल्स, आणि सांध्यांवर बोटबोट जाडीचे सिमेंट. मंडपात पोती रचलेली होती. शंभर कोटी वर्षांचा समुद्र साडेचौदाशे अंशांवर भाजून, दळून, पोत्यात भरून इथवर आला होता. ज्या सांध्यात नख शिरत नव्हते तिथे लिंपायला.

पावतीबुक घेऊन एक म्हातारेबुवा पुढे आले. भाची त्यांना अथेन्सची गोष्ट सांगू लागली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने पार्थेनॉन दुरुस्त केले, पण लोखंडी पकडींना शिसे लावले नाही. त्या गंजून फुगल्या आणि अडीच हजार वर्षांचे दगड तडकले. आता त्या काढून टायटॅनियमच्या बसवतात. सिमेंटचेही तसेच, आजोबा. ओल आत कोंडते, दगड पोपडे धरतो. मोकळा सांधाच बरा.

बुवांनी सगळे नीट ऐकले. "तुमचं खरं असन बाई," ते म्हणाले. "पण पाऊस आला का देव भिजते. तुमच्या त्या गावचे इंजिनिअर येतीन तवा येतीन. आमी तवरोक का पायत बसाव?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. पुरातत्त्व खात्याच्या यादीत नसलेल्या देवळाचे पावसाळे गावालाच काढावे लागतात. ती म्हणाली, "सिमेंटला नाही देणार. छतावर टाकायला ताडपत्रीचे पैसे देते."

"ताडपत्रीचे द्या," बुवा म्हणाले आणि कार्बन सारखा करून पेन उघडला. "नाव कोणाचं टाकू जी, तुमचं का मामाचं?"