आवाजाचे बटण आणि कालामांचा धडा

भीमजयंती जवळ आली की आमच्या वाकोल्याच्या वस्तीत संध्याकाळी ढोलकीच्या दोऱ्या ताणल्या जातात, पेटीवरची धूळ झटकली जाते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आणि प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार घरोघर नेला. गावगाड्यात हलगी वाजवणे हे जातीने माथी मारलेले काम होते. आज आपली मुले वाद्य हाती घेतात ती स्वतःच्या इच्छेने. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. म्हणून आमच्या धाकट्याने गायन पार्टीसाठी इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवण्याचा हट्ट धरला, तेव्हा आम्ही त्याला अडवले नाही.

तसा हा वेडेपणाही नव्हे. इंग्लंडात ब्रायन मे या शाळकरी मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून, गिटार घडवायला घेतली. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या 'क्वीन' वाद्यवृंदात गात असे, त्यात ब्रायनने हीच घरची गिटार जगभर वाजवली.

आमच्याकडे लाकूड मोडक्या कपाटाचे निघाले, पिकअप तयार आणला. अडले ते आवाजाच्या बटणापाशी. बटणाखालच्या भागाला बाजारात 'पॉट' किंवा 'व्हॉल्यूम कंट्रोल' म्हणतात. वस्तू लहान आणि स्वस्त. पण चुकीची बसली तर सगळ्या मेहनतीचा आवाज गुदमरतो.

कोणी म्हणाले, जुन्या रेडिओतला काढून लावा. कोणी म्हणाले, कुठलाही चालतो. आमची थोरली आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती म्हणाली, "आधी समजून घेऊ, मग घेऊ."

तिने सांगितले ते असे. पॉटच्या पोटात कार्बनची पट्टी असते. बाहेरचे दोन पाय पट्टीच्या दोन टोकांना आणि मधला पाय फिरत्या काट्याला जोडलेला असतो. एका टोकाला पिकअपची वायर, दुसऱ्याला अर्थ. मधल्या पायातून आवाज बाहेर. पिकअपची वीज अगदी दुबळी असते. तिथे १० के चा पॉट लावला तर ती बरीचशी अर्थमध्येच वाहून जाते. म्हणून एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० के आणि जोडवेटोळ्याच्या पिकअपला ५०० के लावण्याची रीत आहे. आकडा मोठा तसा आवाज अधिक चिरका, लहान तसा मऊ. २५० न मिळाला तर २२० चालतो, ५०० ऐवजी ४७०.

दुसरी गोष्ट प्रकाराची. 'लिनियर' पॉट समान वाटणी करतो. आपला कान मात्र तसा हिशेब करत नाही. त्यामुळे लिनियर लावला तर बटण थोडे फिरवताच आवाज एकदम चढतो आणि पुढे फिरवून फारसा फरक पडत नाही. आवाजासाठी 'लॉग' घ्यावा. तो कानाच्या चालीने चढतो.

सांताक्रूझहून धिमी लोकल पकडून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने एक पॉट काउंटरवर ठेवला.

"भाऊ, यावर बी लिहिलंय. मला ए पाहिजे," मुलगी म्हणाली.

"एकच आहे गं सगळं."

"एक नाही. जरा मीटर लावून बघू का?"

आजच्या बहुतेक मालावर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर. पण जुन्या युरोपीय मालात ही अक्षरे उलटी असत. म्हणून खरी परीक्षा मीटरची. बटण बरोबर मध्यावर ठेवून अर्थच्या पायापासून मधल्या पायापर्यंत मोजावे. लिनियर असेल तर एकूण आकड्याच्या निम्मे दिसते, लॉग असेल तर साधारण दहा ते वीस टक्के. छापील २५० चा पॉट २०० भरला किंवा ३०० भरला तरी तो खोटा नसतो. वीस टक्के इकडेतिकडे चालते. तिने चार मोजले, एक निवडला. दुकानदाराने मग विचारले, "ताई, कुठे शिकता?"

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच शिकवले होते: कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. छापील अक्षरही मीटर लावून तपासणारी मुलगी आम्हाला धम्माच्याच वाटेवर दिसते.

आता मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक कळकळीची विनंती. आवाज घुमू नये म्हणून इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वायरीवाटे त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याशीही जोडल्या जातात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला आणि मंडपातला प्लग दोन पिनांचा असला, तर मुलाच्या बोटाखालच्या तारेत वीज उतरू शकते. तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग असल्याशिवाय कोणाच्याही मुलाला स्टेजवर उभे करू नका. जाणकार वायरमनकडून आदल्या दिवशीच तपासून घ्या.

घरातल्या मुलाला वाद्य द्याच. पण मुलीच्या हातात मीटर आणि सोल्डरिंगची कांडीही द्या. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश वहीपुरता नाही.

जयभीम!