धुण्याचे सेकंद

पाणी फोडायची जाळी हल्ली मी बुडवत नाही. उजवा हात थरथरायला लागला आणि ते काम विद्यार्थिनीकडे गेलं. निकेल-लोखंडाच्या क्षारात बुडी, धुणं, अल्कलीत बुडी, पुन्हा धुणं. हाच सिलार; तो करणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. माझा जीव मात्र त्या पहिल्या धुण्यात अडकलेला. कमी धुतलं की सुटे आयन अल्कलीत भुकटी होऊन जाळीला नुसते चिकटतात. जास्त धुतलं की धरलेलंही निघून जातं, थर वाढतच नाही. भिंगाखाली दोन्ही जाळ्या सारख्याच पिवळसर दिसतात. प्रवाह चढवला, की कमी धुतलेलीवरून बुडबुड्यांबरोबर तपकिरी कण सुटतात आणि व्होल्ट वर सरकत जातात.

आमच्या मंगरूळपीरला बोअरचं पाणी जड. ते जाळीला चालत नाही. ऊर्ध्वपातित पाणी थेंबाथेंबानं जमतं, वीज गेली की तेही थांबतं. धुण्यात काटकसर करायचा मोह रोजचा.

घड्याळ न बघता धुण्याचा मला गर्व होता. ते दुसऱ्या कुणाला जमत नाही, यात सुख होतं. "सर, मनात मोजता ना? तोच आकडा सांगा," ती म्हणाली. आता ती मोजून धुते आणि तिचा थर माझ्याइतकाच टिकतो. मला ते लागलं.

पाणी फोडायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. वरचं सगळं वीजबिलात जातं. म्हणून जो तो व्होल्ट कमी केल्याचं मिरवतो. हायड्रोजन काढणाऱ्या जाळीसमोर प्लॅटिनमची तार लावायची, ती विरघळून आपल्या जाळीवर बसली की श्रेय स्वस्त उत्प्रेरकाला द्यायचं! कार्बनची कांडी लावायला काय होतं? अल्कलीतल्या लेशभर लोखंडानंही निकेल कितीतरी चांगलं चालतं, हे कॉरिगननं 1987 सालीच दाखवलं. तरी अल्कली शुद्ध न करता 'शुद्ध निकेल'चे दावे छापतात. असले लेख मी विद्यार्थ्यांना देत नाही. सिलारवरचा पठाण-लोखंडे यांचा 2004 चा आढावा देतो. त्यात प्रत्येक बुडीनंतरच्या धुण्याला स्वतंत्र पायरीचा मान आहे.

देशाला 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन हवा आहे. तो काढणारी जाळी वर्षानुवर्षं बुडबुड्यांत उभी राहायला हवी. तेव्हा सिलार करणाऱ्या मित्रांनो, लेखात व्होल्टच्या शेजारी धुण्याचे सेकंदही छापा.