पालवणकर बाळू : काही टिपणे

१८९२ च्या सुमाराचं पुणे. गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर एक चांभाराचा पोर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. त्याआधी पारशांच्या क्लबात तीन रुपयांवर झाडलोट केलेली. पूना क्लबातला नावाजलेला फलंदाज ग्रेग त्याच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. आपल्याला बाद केलं की तो बाळूला आठ आणे देई, असं सांगतात. डावखुऱ्या फिरकीवरची हुकमत अशी आली. शिकवणारा कुणी नव्हता. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी देत नसे. फलंदाजी साहेबांची, घाम बाळूचा.

*

पुण्यातल्या हिंदूंच्या संघात त्याला घ्यावं की नाही यावर वाद झाला. तेलुगू मंडळी त्याच्या बाजूनं, ब्राह्मण सभासदांचा विरोध. शेवटी घेतलं, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा घेऊन. चेंडूचा विटाळ झाला नाही, कपबशीचा झाला. हे वाचताना दरवेळी संताप येतो.

*

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यानं संघ जिंकून दिला. पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे बजावलं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही बसलं पाहिजे.

*

फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. १०९ धावांनी विजय. बाळूबरोबर त्याचा धाकटा भाऊ शिवरामही हिंदू संघात होता. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला, आणि त्यात चांभार घरातल्या दोन भावांचा मोठा वाटा होता. त्या विजयाचा अभिमान मिरवताना ही दुसरी गोष्ट अनेकदा गाळली जाते.

*

भारतीय संघाचा १९११ चा इंग्लंड दौरा. कर्णधार पतियाळाचे महाराज, त्यांचं लक्ष मेजवान्यांकडे अधिक. संघ सामन्यामागून सामना हरत होता. पस्तिशी गाठलेला बाळू, दुखावलेला हात, तरी चेंडू त्याच्याच हाती. दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर, झेल सोडणाऱ्या क्षेत्ररक्षकांच्या भरवशावर! माझ्या मते त्या काळातल्या भारतीय गोलंदाजाची याहून मोठी कामगिरी नाही. पण इथं त्याला मिळालं त्याहून अधिक मिळायला हवं होतं.

*

काय मिळालं नाही? हिंदू संघाचं कर्णधारपद. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांना दिलं गेलं. हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूचा होता, असं स्वतः पै यांनी जाहीर सभेत सांगितलं. हा मोठेपणा नोंदवायलाच हवा. १९२० मध्ये बाळूला संघातून वगळलं आणि धाकटा भाऊ विठ्ठल याचाही कर्णधारपदाचा हक्क डावलला. शिवराम आणि विठ्ठल निषेध म्हणून बाहेर पडले. नंतर दोघे परतले, बाळूही परतला. पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ संघ त्यानं सांभाळला. तेवढंच. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्यानं हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली.

*

बाळूची एकूण कारकीर्द: ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

*

आंबेडकरांना तरुणपणी बाळूचा अभिमान वाटे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बाळू गांधींच्या बाजूला, १९३२ च्या पुणे करारावर त्याचीही सही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. १३,२४५ विरुद्ध ११,२२५, आंबेडकर जिंकले. बाळूचा वापर झाला, असं मला वाटतं. पण त्याला स्वतःची मतं होती, हेही विसरू नये.

*

१९५५ च्या जुलैत तो गेला. विठ्ठल पालवणकरांचं 'माझे क्रीडा-जीवन' मराठीत आहे. क्रिकेटवर जीव असणाऱ्यांनी ते मिळवून वाचावं.