उंचीला उत्तर

आम्ही बास्केटबॉल खेळलो ते बुटक्यांच्या संघातून. म्हणूनच २००७ सालची एनबीएची ती मालिका आम्हाला आजही आपली वाटते. डॅलस मॅव्हरिक्सने हंगामात ६७ सामने जिंकलेले; गोल्डन स्टेट वॉरियर्सने अवघे ४२. पहिल्याची गाठ आठव्याशी. निकाल ठरल्यासारखाच होता.

पण वॉरियर्सचे प्रशिक्षक डॉन नेल्सन पूर्वी डॅलसचेच. सात फुटी डर्क नोविट्झकी त्यांच्याच हाताखाली वाढलेला. त्याचं बळ त्यांना ठाऊक, तशी अडचणही. त्यांनी त्याच्यापुढे तेवढाच उंच गडी उभा केला नाही. स्टीफन जॅक्सनसारखे त्याच्याहून बुटके, पण चपळ आणि दांडगे खेळाडू त्याला चिकटवले. शिवाय खेळाचा वेग वाढवला. त्या धास्तीनं डॅलसनं पहिल्याच सामन्यात उंच सेंटरला सुरुवातीच्या पाचांतून वगळलं. बलवानानं स्वतःची चाल सोडली, तिथंच बाजी फिरू लागली. सहाव्या सामन्यात नोविट्झकीचे तेरापैकी दोनच फटके पडले. मालिका ४-२.

मैदानावरच्या पोरांना आम्ही एवढंच सांगतो : समोरच्याची उंची मोजत बसू नका; त्याला वळायला किती वेळ लागतो, ते बघा.